आजीला माईक नको, अंगणात बसू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

९ डिसेंबरला नरसंहारात गेलेल्या लोकांचा स्मरण दिवस असतो, १९४८ मध्ये याच तारखेला युनोनं नरसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला होता. त्या निमित्तानं आपल्या पेपरात एका शिक्षकांचं पत्र आलं होतं, की अशा प्रसंगातून वाचलेल्या लोकांना शाळेत, मंडळांत बोलवा, पोरांना ऐकू द्या. एकदम पटलं. पण आमच्याकडे हे मागच्या वर्षी करून झालं आणि पार फसलं, म्हणून लिहून राहिलो.

आमच्या चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली लोकांची गावं आहेत, आम्ही त्यांना अजूनही कॅम्पच म्हणतो. बरेचसे लोक साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आताच्या बांगलादेशातून, निर्वासित म्हणून आले, तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चांदाच (आताचं चंद्रपूर) होता. काही मात्र १९७१ चे. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी फौजेनं ढाक्यात कत्तल सुरू केली अन् मग वर्षभरात जवळपास एक कोटी लोक भारतात पळून आले. लढाई संपल्यावर बहुतेक परत गेले, ज्यांचं तिकडं काहीच उरलं नव्हतं असे काही इकडंच राहिले, कोणी रायपूरजवळच्या माना कॅम्पातून तर कोणी नातेवाईकांचा पत्ता शोधत. आपली पोट्टी हिटलरचा धडा वाचतात, साठ लाख ज्यू मारले हा आकडा पाठ करतात, आणि ज्या आजीच्या दुकानातून चॉकलेट घेतात तिनं काय पाहिलं ते त्यांना माहीत नसते.

तर त्याच आजीला एका शाळेत बोलावलं होतं. मी शाळा समितीत आहे, म्हणजे दोष माझाही आहे. कार्यक्रम ११ चा, पाहुणे आले साडेबाराला, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, चार भाषणं, आणि आजीला माईक मिळाला तेव्हा दोन वाजत आले होते. खिचडीचा वास सुटला होता, पोरं चुळबूळ करत होती. तरी आजी बोलली. अर्धं मराठी अर्धं बंगाली. ती खुलना जिल्ह्यातली, तेव्हा ११-१२ वर्षांची. चुकनगर म्हणून तिकडं गाव आहे, तिथं सीमेकडं निघालेले हजारो लोक जमले होते आणि २० मे १९७१ ला फौजेनं त्यांच्यावर गोळ्या घातल्या, काही तासांत हजारो मेले. आजीचं घर दोन दिवस आधी पुढं निघालं म्हणून वाचलं, काका मागं राहिला तो गेला. तिनं हेही सांगितलं की रात्री नदी पार करून देणारा नावाडी मुसलमान होता, त्यानं पैसे घेतले नाहीत, आईला म्हणाला पोरीचं तोंड दाबून ठेव, रडली तर सगळेच मरू.

ती बसते न बसते तोच एक पाहुणे उठले अन् त्यांनी तिच्या गोष्टीचं जे भाषण केलं ते इथं लिहीत नाही, वाचणाऱ्याला समजून जाईल. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर दीड मिनिटाची क्लिप फिरली, लाल अक्षरं, मागं म्युझिक. काका होता. नावाडी नव्हता.

मला तर त्यावेळी रवांडा आठवला. १९९४ मध्ये तिथं शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली, बहुतेक तुत्सी जमातीची, आणि रेडिओवर त्यांना झुरळं म्हणत होते. आमच्या क्लिपचं अन् त्याचं तेवढं नाही, मान्य आहे, पण माणसाच्या तोंडचं अर्धं उडवून उरलेलं वाजवायचं ही सवय काही चांगली नाही ना साहेब. अमेरिकेत स्पीलबर्ग या सिनेमावाल्यानं १९९४ मध्येच एक संस्था काढली, तिनं अशा वाचलेल्या लोकांच्या ५० हजारांवर मुलाखती रेकॉर्ड करून ठेवल्या, बिनाकापता, तास दोन तास जे बोलले ते पूर्ण. सिनेमावाला माणूस, कापाकापी त्याच्याएवढी कोणाला येते? तरी नाही कापल्या.

आणि कंबोडियाचं पहा. राजधानी नोम पेन्हमध्ये एक हायस्कूल होतं, ख्मेर रूज या सत्तेवर आलेल्या कम्युनिस्ट गटानं १९७५ नंतर त्याचाच तुरुंग केला, वर्गात भिंती घालून कोठड्या. चौदा हजारांवर माणसं आत गेली, जिवंत राहिले ते डझनभर. त्यात चुम मे हा मेकॅनिक होता, मशीन दुरुस्त करता येत होत्या म्हणून ठेवला, आणि बू मेंग चित्रकार, त्या गटाचा पुढारी पोल पॉट, त्याचं चित्र काढायला लावलं म्हणून वाचला. आता तिथं म्युझियम आहे आणि हे दोघं वर्षानुवर्षं त्याच आवारात टेबल लावून बसत आले. ना स्टेज ना हार. ज्याला विचारायचं त्यानं जवळ जाऊन विचारायचं.

क्लिपनंतर आजीनं दुकानावर येणाऱ्यांशी पण बोलणं कमी केलं होतं. मी माफी मागायला गेलो तर म्हणाली, शाल घेऊन जा बाबा, मला नको. दोन महिने गेले. मग आमच्या एका मॅडमनं शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी-नववीची दहाच पोरं तिच्या अंगणात नेली, मोबाईल घरी ठेवायला लावले, आणि आजीला आधीच सांगितलं की नको वाटलं तर थांबायचं, कोणी कारण विचारणार नाही. आजी सुपारी कातरत बोलली, मधे दोनदा उठून आत गेली, पोरं चूपचाप बसली होती. एका पोट्ट्यानं विचारलं, आजी तुम्ही परत काहून नाही गेल्या? ती म्हणाली, कोणाकडे जाऊ? दुसऱ्या पोरीनं विचारलं, येताना काय आणलं? आजीनं हातातला अडकित्ता वर केला. तिच्या आईच्या कमरेला खोचलेला होता, नदी पार करताना बाकी सगळं गाठोडं पाण्यात गेलं.

म्हणून आपल्या त्या पत्रवाल्या सरांना आणि बाकी शाळांना, मंडळांना विनंती, बोलवाच, ही माणसं आता सत्तरीला टेकली, पण पाहुणे, सत्कार, शूटिंग हे सोडून बोलवा, नाहीतर त्यांच्या घरीच जा. दोन तास लागले तर लागू द्या. आमच्या मॅडमचा पुढचा शनिवार एका आजोबांकडं ठरला आहे, त्यांना ऐकू कमी येते, म्हणून पाचच पोरं नेणार आहेत.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. चामोर्शी, जि. गडचिरोली