मंत्रिमहोदय, त्या कठड्यावर हातभर जागा द्या

माननीय विज्ञानमंत्री यांस,

स. न. वि. वि.

अनुदान मागायला हे पत्र लिहिलेले नाही, हे आधीच सांगते, म्हणजे ते त्या फायलीत जाऊन बसणार नाही.

आम्ही काही शिक्षक, विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी मिळून हवेतल्या धूलिकणांच्या नोंदी घेतो. उपकरण म्हणजे जेवणाच्या डब्याएवढे खोके. आत लेझरवर चालणारा सेन्सर, आर्द्रतामापक, बॅटरी आणि लोरा रेडिओ. हा रेडिओ एका निरोपात जेमतेम काही डझन बाइट पाठवतो, पण तेवढे आकडे नगण्य विजेत काही किलोमीटरवरच्या गेटवेपर्यंत, म्हणजे ते इंटरनेटवर चढवणाऱ्या यंत्रापर्यंत, पोहोचतात. सिमकार्ड लागत नाही, आणि विनापरवाना लहरींवर काम भागते, त्यामुळे त्या बाबतीत आमची तक्रार नाही.

नुसते तापमान मोजणारे खोके बहुतेक वेळ झोपून काढते आणि दोन पेन्सिल सेलवर वर्षभर सहज चालते. धूलिकणांचा सेन्सर मात्र खादाड. त्याच्या आतला पंखा रेडिओपेक्षा कितीतरी जास्त बॅटरी खातो. म्हणून आम्ही त्याला दर वीस मिनिटांनी अर्धा मिनिट उठवतो, आकडा घेतो आणि पुन्हा झोपवतो. तरीही वर छोटे सौर पॅनेल लावावेच लागले.

पण खरी अडचण विजेची नाही. एका पहाटे आमच्या नऊच्या नऊ खोक्यांचे आकडे एकदम चढले. कोणीतरी आमच्या नकाशाचा स्क्रीनशॉट काढला, तो फिरत राहिला, काही पालकांनी मुलांना शाळेतही पाठवले नाही. होते काय, तर धुके! हा सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो. हवा दमट असली की कण पाणी धरून फुगतात, आणि धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात. आपल्या सरकारी हवा-मापन केंद्रांतली यंत्रे हवेचा नमुना आधी गरम करून वाळवतात, आमच्या खोक्यात ती सोय कुठून येणार? दुपारी आम्ही खुलासा टाकला. तो कोणी पुढे पाठवला नाही.

यावर उपाय जुना आहे. आमची दोन खोकी सरकारी केंद्राशेजारी काही आठवडे ठेवायची, कोरड्या आणि दमट अशा दोन्ही दिवसांत. खोक्यांचे आणि केंद्राचे आकडे ताडून पाहिले की आर्द्रतेनुसार किती वजा करायचे ते कळते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नागरिकांच्या घरांवरचे सेन्सर असेच पडताळले आणि 2020 मध्ये दुरुस्त केलेले आकडे वणव्यांच्या धुराच्या सरकारी नकाशावर आणले. ते सेन्सर घरच्या विजेवर आणि वायफायवर चालणारे, आमच्यापेक्षा सुखवस्तू, पण पडताळणीची पद्धत तीच.

तशी परवानगी आम्ही एका केंद्राकडे मागितली. चार महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले: ‘अशी तरतूद नाही.’ त्या केंद्राच्या गच्चीच्या कठड्यावर कबुतरे बसतात. त्यांनी कोणती तरतूद दाखवली, कोण जाणे.

तेव्हा मागणे एवढेच. नागरिकांच्या गटांना केंद्राच्या हवा ओढणाऱ्या नळीजवळ, तिच्याच उंचीवर, हातभर जागा मिळावी असे एक परिपत्रक काढा. सोबत त्या केंद्राचे तासातासाचे आकडे आर्द्रतेसह खुले करा. दिवसाची सरासरी आमच्या उपयोगाची नाही, कारण धुके दोन तासांत येऊन जाते आणि सरासरीत त्याचा मागमूस राहत नाही. आणि पडताळणीत आमची खोकी नापास झाली, तर तोही निकाल आम्ही तसाच जाहीर करू. बिघडलेला सेन्सर नकाशावरून काढून टाकणे हे आम्हाला नवीन राहिलेले नाही.

परवानगी मिळाली की तारीख कळवावी. शिडी आणि खोकी बांधायच्या पट्ट्या आम्ही घेऊन येऊ.

आपली नम्र,
नोंदी ठेवणाऱ्यांपैकी एक