आधी धड गुडघा दाखवा

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

रविवारी मी २१-९, २१-११ अशी सपाटून हरले. दीड वर्षानंतरचा पहिला बॅडमिंटन सामना. हरून घरी आले आणि हसत सुटले. मग रडू आलं, आणि मग हे पत्र लिहायला बसले. समोर आले की माझ्या तोंडून 'थँक्यू मॅडम' एवढंच निघतं, तोवर तुम्ही पुढची फाईल उघडलेली असते. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. वाचलंत तर ओळखाल.

स्मॅश मारून डाव्या पायावर उतरले तेव्हा आतून 'कट्' असा आवाज आला होता. दोन तासांत गुडघा टम्म फुगला. तुमच्याकडे पोहोचेपर्यंत त्यानंतरचे सहा महिने गेले. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि हाड शाबूत आहे, लचक आहे, असं सांगितलं. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारं लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? दुसऱ्यांनी गोळ्या आणि क्रेप बँडेज दिलं. तिसऱ्यांना मी सांगितलं की जिना उतरताना गुडघा मध्येच निसटतो, तर त्यांनी वय विचारलं. छत्तीस, म्हटलं. "मग आता उड्या कशाला मारायच्या?" तिघांपैकी एकानेही गुडघ्याला हात लावला नाही. एकाने पेनाच्या टोकाने दाखवला, एवढंच.

घरी सगळ्यांना वाटायला लागलं होतं की हे माझ्या मनाचे खेळ आहेत. खरं सांगते, मलाही वाटायला लागलं होतं.

तुमच्यासमोर बसले तेव्हा सवयीने डावा पाय पुढे केला. तुम्ही खुर्चीतून उठलात, तळहात एकमेकांवर चोळून ऊबदार केलेत आणि म्हणालात, "तो नको. आधी धड गुडघा दाखवा."

मी गोंधळले. सहा महिन्यांत माझ्या उजव्या गुडघ्याची कोणी चौकशी केली नव्हती. तुम्ही तो किंचित वाकवलात, एका हाताने मांडी धरलीत, दुसऱ्याने नडगी पुढे ओढलीत. "तुमचा मूळचा गुडघा किती घट्ट आहे ते कळल्याशिवाय बिघडलेला किती सैल झालाय हे मी कशावरून सांगू?" मग तेच डाव्याला केलंत. उजवी नडगी जराशी सरकून ठप्प थांबली होती. डावी सरकत राहिली, दावं तुटलेल्या वासरासारखी. तुम्ही पुन्हा दोन्ही करून दाखवलंत, माझ्याकडे बघत. "हा थांबतो. हा थांबत नाही. कळलं ना?" कळलं. त्या दोन वाक्यांनी मला माझ्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवता आला. एमआरआय नंतर झाला, त्यात एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकण्यापासून रोखणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. पण माझ्यापुरता निकाल तुमच्या हातांनी आधीच दिला होता.

नंतर कळलं की या तपासणीला लॅकमन टेस्ट म्हणतात आणि जोसेफ टॉर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७६ साली प्रसिद्ध केली. म्हणजे ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. ना यंत्र लागतं, ना वीज, आणि वेळ लागतो अर्धा मिनिट. मी तणतणले तेव्हा तुम्ही मात्र आधीच्यांची बाजू घेतलीत: ताज्या सुजेत स्नायू आवळलेले असतात, तपासणी फसू शकते. मॅडम, सूज तीन आठवड्यांत उतरली होती. पुढचे पाच महिने कोणाच्या नावावर मांडायचे? असो. तुमच्याइतकं मोठं मन माझ्यापाशी नाही.

ऑपरेशनचं पुराण सांगत नाही. त्यापेक्षा तुमच्या गुडघ्यावरचा व्रण सांगते. एकदा व्यायाम दाखवताना तुम्ही सलवार वर केलीत आणि वरपासून खालपर्यंत गेलेली ती जाड रेघ दिसली. अडथळ्यांची शर्यत, वय एकोणीस, उघडं ऑपरेशन, वर कित्येक आठवडे प्लास्टर. तुमची धाव तिथेच संपली. माझ्या गुडघ्यावर मात्र दोन बारीक ठिपके आणि नव्या लिगामेंटसाठी माझ्याच शरीरातला तुकडा, म्हणजे ग्राफ्ट, काढल्याची छोटीशी चीर. "तुम्ही उशिरा पडलात, नशीबवान आहात," असं म्हणून तुम्ही हसलात. आणि मग, मला वाटतं एकदाच, स्वतःबद्दल बोललात. आधी मेडिकल, मग हाडांचं पदव्युत्तर शिक्षण, त्यावर स्पोर्ट्स मेडिसीनची फेलोशिप. बरोबरीच्या मैत्रिणी मार्गी लागल्या तरी तुमच्या परीक्षा चालूच. हाडाच्या डॉक्टरांत बायका आजही थोड्या. मुलाखतीत कोणीतरी विचारलं, हाड बसवायला जोर लागतो, जमेल का? तुम्ही म्हणालात, जोर नाही, तरफ लागते.

फेलोशिपमधलं सगळ्यात कामाचं शिक्षण मैदानाच्या कडेला झालं, असंही तुम्ही म्हणालात. तासन् तास नुसतं उभं राहायचं, आणि ज्या क्षणी खेळाडू 'मी ठीक आहे' म्हणतो त्या क्षणी त्याचं ऐकायचं नाही. प्रशिक्षक ओरडतो, प्रेक्षक ओरडतात, तुम्ही मान हलवायची: नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनची कुळकथाही तुमच्याकडूनच ऐकली. केंजी ताकागींनी १९१८ मध्ये टोकियोत मूत्राशय तपासायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. पुढे त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतूनच फाटलेल्या मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीचा, तुकडा काढला. "आमच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे लघवीची नळी," हे तुमचं वाक्य मी आतापर्यंत वीस जणांना सांगितलंय.

आता त्या भांडणाबद्दल. ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात मी पळत होते, दोरीवर उड्या मारत होते, मला कोर्टवर जायचं होतं. तुम्ही पुन्हा दोन्ही पाय तपासलेत, आधी उजवा, आणि डाव्या मांडीची ताकद अजून कमी आहे म्हणालात. २०१६ चा नॉर्वेतला अभ्यास समजावलात: नवव्या महिन्यापर्यंत खेळणं जितके महिने लांबवाल, तितक्या वेळा पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण निम्म्याने घटत जातं. नवा ग्राफ्ट मुरायला वेळ घेतो, आपल्याला बरं वाटतं म्हणून तो तयार झालेला नसतो. मी म्हणाले, तुम्हाला काय, तुम्हाला थोडंच खेळायचंय. आणि दार आपटून निघून गेले.

जिन्यात आल्यावर तुमचा व्रण आठवला. परत वर यायचा धीर झाला नाही. पुढच्या भेटीत तुम्ही काही घडलंच नाही अशा थाटात हात चोळत म्हणालात, "चला, आधी धड."

त्या दिवशीची माफी राहून गेली होती. ती आज मागते. आणि रविवारी पुन्हा सामना आहे, बहुतेक पुन्हा हरेन.

तुमची,
डावा गुडघा