स्प्लिंट आधी स्वतःच्या मनगटावर धरून पाहणाऱ्या मॅडमना

मॅडम,

काल अस्तराचं कापड सलग कापलं, मध्ये एकदाही हात झटकावा लागला नाही. म्हणून आज लिहायला बसले.

कितीतरी महिने मी मध्यरात्री उठून हात झटकत बसायची. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, करंगळीला मात्र काही नाही. दिवसा ब्लाउजला हूक लावताना तो बोटांतून निसटायचा. एका डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला, दुसऱ्यांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. ‘या वयात बायकांना होतंच असं’, हेही ऐकून घेतलं. नेमकी कुठली बोटं बधिर होतात, हे कुणीच विचारलं नाही. नस दबली होती मनगटात आणि हे शोधत होते मानेत. तोवर अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सुकत गेला. याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी विचारलंत, “काम काय करता?” मग दोन्ही मनगटं दुमडून हात एकमेकांना टेकवायला लावलेत. मिनिटाच्या आतच मुंग्या आल्या.

त्यानंतरचं मी कधीच विसरणार नाही. स्प्लिंटची, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणाऱ्या आधाराची, प्लास्टिकची शीट मऊ व्हायला ठेवलेल्या गरम पाण्यातून काढून पुसलीत आणि माझ्या हाताला लावण्याआधी स्वतःच्या मनगटावर धरून पाहिलीत. तुमची ती रोजची सवय असेल. पण बधिर हाताला चटका वेळेवर कळत नाही, याची काळजी माझ्याआधी तुम्हाला होती. अंगठ्यापाशी कड टोचत होती. मी बोललेही नव्हते, तरी तुम्ही ती पुन्हा कापलीत, बोट फिरवून पाहिलंत, परत कापलीत. दुसऱ्यांच्या मापाचं शिवण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या मापाचं इतक्या निगुतीनं कुणी बेतलं ते त्या दिवशी. मशिनं आज सगळ्याच दवाखान्यांत आहेत, अशी माणसं हवीत.

स्प्लिंटनं झोप परत आली. उजव्या हाताचं ऑपरेशन मात्र करावंच लागलं. सर्जननी फक्त हाताला भूल देऊन ते केलं, त्यांचेही आभार. टाके निघाल्यावरही तळहाताच्या बुडाशी दाबलं की दुखतं. ते काही महिने राहील हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही.

डाव्या हाताला तुमचा स्प्लिंट रोज रात्री बांधते. आमच्या गल्लीत पोळ्या लाटून देणारी एक बाई आहे. तिचीही हीच बोटं रात्री बधिर होतात आणि तिलाही मानेचाच पट्टा मिळालाय. सोमवारी तिला घेऊन येते.

तुमची,
ब्लाउज शिवणारी पेशंट