न बोलणारी खेळणी हवी आहेत

सप्रेम नमस्कार,

आमच्या मंडळातर्फे बालवाडीला जोडून खेळणीघर सुरू करत आहोत. वाचनालयातून पुस्तक नेतात तशी खेळणी घरी न्यायची, खेळून झाली की परत आणायची. त्यासाठी आपल्याकडे पडून असलेली, पण धड असलेली खेळणी द्यावीत, ही कळकळीची विनंती.

मात्र बटण दाबताच गाणी किंवा आकडे ऐकवणारी खेळणी आम्ही घेणार नाही, खोक्यावर ‘भाषाविकासासाठी’ असं छापलेलं असलं तरीही. अशा खेळण्याचा आवाज सुरू झाला की शेजारी बसलेलं मोठं माणूस गप्प होतं. २०१६ साली ‘जामा पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात यावर एक अभ्यास आला होता. १० ते १६ महिन्यांची २६ मुलं आणि त्यांचे पालक घरी खेळतानाचं बोलणं त्यात ध्वनिमुद्रित केलं होतं. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांशी खेळताना पालक कमी बोलले, मुलांना त्यांच्याकडून मिळणारा प्रतिसादही कमी झाला. सर्वाधिक बोलणं झालं ते पुस्तकं हाताळताना. अभ्यास छोटा आहे, पण बालवाडीत आम्हाला रोज हेच दिसतं.

साधी मोटार पलंगाखाली जाते. मूल म्हणतं, “गेली!” आजी म्हणते, “हो, गाडी पलंगाखाली गेली. आता कशी काढायची?” मूल वाकून बघतं, बोट दाखवतं, काहीतरी सांगू पाहतं. एका शब्दाचं वाक्य होतं ते असं, आणि तेही घरात जी भाषा बोलली जाते त्याच भाषेत.

म्हणून ठोकळे, बाहुल्या, भातुकली, डॉक्टरचा संच, प्राणी, गाड्या, हातमोज्याच्या बाहुल्या, जाड पानांची चित्रपुस्तकं द्या. झाकणाचे रिकामे डबेसुद्धा चालतील. आत, बाहेर, वर, खाली हे सगळं त्यातून येतं. तुटकी, रंगाचे पोपडे निघालेली किंवा बटणसेल (बटणाएवढा चपटा सेल) असलेली खेळणी कृपया देऊ नका. बटणसेल गिळला गेला तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं. तोंडात मावतील असे बारीक तुकडे असतील तर वेगळ्या पिशवीत द्या, ते तीन वर्षांखालच्या मुलांना आम्ही देणार नाही.

खेळण्यांइतकीच माणसंही हवी आहेत. आठवड्यातून तासभर मुलांजवळ जमिनीवर बसून खेळायची, बोलायची आणि मुख्य म्हणजे त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबायची तयारी असेल, तर जरूर या. शिवणकाम येणाऱ्यांनी चिंध्यांच्या बाहुल्या करून दिल्या तर फार उपयोग होईल.

खेळणी धुऊन, वाळवून बालवाडीच्या वेळेत आणून द्यावीत. आणणं शक्य नसेल तर निरोप द्या, कार्यकर्ते घरी येऊन घेऊन जातील.