ती बाधा नव्हती

संपादक महोदय,

शेजारच्या तालुक्यातल्या एका गावात बायांनी मतदान करून बाटली आडवी केल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. त्या बायांना माझा नमस्कार. पण तेव्हापासून एक काळजी लागून राहिली आहे. दारूच्या दुकानाला कुलूप लागलं की तिथल्या रोज पिणाऱ्यांचं पुढच्या तीन दिवसांत काय होईल?

माझा थोरला भाऊ मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. वीस वर्षं रोजची दारू. एका नारळी पौर्णिमेला ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालून त्याने ती सोडली, शब्द पाळला आणि बोट घेऊन समुद्रात गेला. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, मग आकडी आली. खलाशांनी कांदा हुंगवला. तिसऱ्या रात्री त्याला जाळ्यातून माणसं वर येताना दिसू लागली. दोरीने बांधूनच त्याला बंदरात आणावं लागलं. आम्ही ती बाधा समजलो, भगताकडे नेलं. अंगारा लावण्यात सकाळ गेली आणि अंगात ताप चढला, तेव्हा कुठे दवाखाना सुचला.

डॉक्टरांनी समजावलं : मेंदू वर्षानुवर्षं दारूच्या गुंगीविरुद्ध जोर लावून चालत असतो. गुंगी एकदम काढून घेतली की तो जोर बेफाम सुटतो आणि माणूस दगावूही शकतो. म्हणजे ज्याने मनापासून सोडली, त्याच्याच जिवावर बेतलं! ग्लुकोजआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मेंदूला शांत करणाऱ्या क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या रोज थोड्या कमी करत, असे काही दिवस त्याला दवाखान्यात ठेवलं.

खरे उपचार त्यानंतर सुरू झाले. दारूची ओढ कमी करणारी नालट्रेक्सोनची गोळी, समुपदेशन, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस) सभा. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचं म्हटल्यावर ‘तो वेडा आहे का?’ म्हणून आमची आई दोन दिवस जेवली नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे विकारही मोडतात, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? पुढच्या शिमग्यात तो पुन्हा प्यायला. तेव्हा मी त्याला नको ते बोलले, ते आजही मला टोचतं. त्याने मात्र गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला उपचार मिळाल्याचं दिसलं. म्हणून विनंती, दुकानाला कुलूप लागण्याआधी त्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्राने शिबिर घ्यावं, रोज पिणाऱ्यांना तपासून औषधं द्यावीत. पावसाळी मासेमारीबंदी संपून १ ऑगस्टला बोटी सुटण्यापूर्वी बंदरांवरही तसंच व्हावं. आणि दारूबंदीची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत दूरध्वनी क्रमांक आठवणीने छापावा.

आपली,
एक वाचक, हर्णै (ता. दापोली)