पोटॅशियमच्या अहवालावर रक्त घेतल्याची वेळही छापा

संपादक महोदय,

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या दर्जाची चर्चा निघाली की ती यंत्र कोणते आहे आणि एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, या दोन प्रश्नांपाशीच थांबते. सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यांच्या तपासणीत मात्र बहुतेक चुका नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच होऊन गेलेल्या असतात, आणि त्यांतील सर्वांत धोकादायक चूक पोटॅशियमची असते.

निरोगी माणसाच्या रक्तद्रवात पोटॅशियम लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असते, तर पेशींच्या आत ते त्याच्या वीसपटींहूनही अधिक असते. त्यामुळे दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला, रुग्णाला मूठ वारंवार उघड-बंद करायला लावली किंवा सिरिंजमधले रक्त जोराने ट्यूबमध्ये ढकलले, तरी पेशींतले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा फुगतो. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधील रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतल्यास तिच्यातील पोटॅशियमयुक्त ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन मिसळून पोटॅशियम वाढते आणि कॅल्शियम अशक्य वाटावे इतके खाली येते. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेतले तर सगळेच आकडे बिघडतात.

यांतील अनेक चुका अनुभवी तंत्रज्ञाच्या लक्षात येतात, कारण पेशी फुटल्या की सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) लालसर दिसते. खरी अडचण तालुक्याच्या गावी सकाळी घेतलेले रक्त सेंट्रिफ्यूज न करता, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून पेशी वेगळ्या न करता, बर्फाच्या डब्यात घालून दुपारी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले जाते तेव्हा उभी राहते. नमुना टिकावा या चांगल्या हेतूनेच ते थंड ठेवलेले असते, पण थंडीमुळे पेशींच्या पडद्यावरील सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पेशी न फुटताच पोटॅशियम बाहेर झिरपत राहते. सीरम स्वच्छ पिवळे दिसते आणि यंत्र ६ चा आकडा दाखवते. विदर्भातील मे महिन्यात याच्या उलटही घडू शकते. उष्णतेत हा पंप जोरात चालतो आणि पहिल्या काही तासांत पोटॅशियम पेशींच्या आत खेचले जाते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाचे वाढलेले पोटॅशियम प्रत्यक्षाहून कमी दिसते. मला हा दुसरा प्रकार अधिक भयावह वाटतो, कारण बरा दिसणारा आकडा कोणीच पुन्हा तपासत नाही.

कोणतीही जबाबदार प्रयोगशाळा रोज सकाळी कंट्रोल नमुने (ज्यांचे आकडे आधीच माहीत असतात असे नमुने) चालवते, त्यांचे आकडे लेव्ही-जेनिंग्ज या रोजचा चढउतार दाखवणाऱ्या आलेखावर मांडते आणि वेस्टगार्ड नियमांनुसार यंत्र ताळ्यावर आहे की नाही हे ठरवते. बाहेरच्या संस्थेने पाठवलेले नमुने तपासून पाहण्याच्या बाह्य गुणवत्ता योजनेतही ती भाग घेते. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु कंट्रोल म्हणजे कारखान्यातून तयार होऊन आलेले सीरम असते, ते कोणाच्या शिरेतून निघून चार तास डब्यात पडून राहिलेले नसते. म्हणूनच आलेख निर्दोष असताना रुग्णाचा अहवाल चुकीचा निघू शकतो.

अशा अहवालावरून हृदयरुग्णाचे आवश्यक औषध बंद केले जाते किंवा गरज नसताना पोटॅशियम उतरवणारे उपचार सुरू होतात. ईसीजी आणि ताजा नमुना यांनी खात्री करून घेता येते, पण त्यासाठी डॉक्टरांना शंका तरी यायला हवी. सध्याच्या अनेक अहवालांवर नोंदणीची आणि छपाईची वेळ असते, रक्त केव्हा घेतले आणि सीरम केव्हा वेगळे केले याचा उल्लेखही नसतो.

एनएबीएलची मान्यता ऐच्छिक आहे आणि केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. स्वतंत्र कायद्याची वाट न पाहता राज्याच्या आरोग्य विभागाने निदान दोन गोष्टी बंधनकारक करण्यासाठी पावले उचलावीत, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक संकलन केंद्रात सेंट्रिफ्यूज असावे आणि रक्त गोठल्यावर, घेतल्यापासून दोन तासांच्या आत सीरम वेगळे केले जावे. तसेच या दोन्ही वेळा पोटॅशियमच्या आकड्याशेजारीच छापल्या जाव्यात.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, अमरावती