फ्रेमवाल्या काकांना, सगळ्यांसमोर

काका,

हे पत्र तुम्ही मोबाईलवर वाचणार नाही हे मला माहीत आहे, तुमची नात वाचून दाखवेल आणि तुम्ही पट्टीला सँडपेपर मारता मारता "हाव, पुढं वाच" म्हणाल. तरी लिहून राहिली आहे, आणि असं उघड लिहितेय कारण दुकानात जेव्हा जेव्हा आभाराचं काढलं तेव्हा तुम्ही विषय काचेवर नाहीतर माउंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर, नेला. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

2015 चा डिसेंबर. माझं पहिलं सोलो, म्हणजे एकटीच्या चित्रांचं प्रदर्शन. त्याआधी ग्रुप शोमध्ये एकदोन चित्रं लागली होती, पण अख्खा हॉल आपला, भिंती आपल्या, असं पहिल्यांदाच. इतवारीतल्या तुमच्या दुकानात मी 14 चित्रं घेऊन आली, 9 जलरंग आणि 5 कॅनव्हास, आणि हिशोब झाला 18,600 रुपये. माझ्याकडे 5,000 होते. मी म्हटलं काका, जलरंगांना माउंट नको, डायरेक्ट काच लावा, तेवढेच पैसे वाचतील. तुम्ही काही बोलला नाही. फ्रेम घ्यायला आली तर नऊच्या नऊ चित्रांना माउंट लावलेला, बिलात त्याचा एक रुपया नाही. मग सांगितलं, कागद काचेला टेकला की पावसाळ्यात ओल धरते, कागद काचेला चिकटते, बुरशीचे ठिपके येतात, "चित्र तुझं आहे, पण फ्रेम माझी आहे नं बेटा, तीन वर्षांनी कोणी डाग पाहून माझ्या दुकानाचं नाव घेईन." उरलेले पैसे मी अकरा महिन्यांत फेडले, कधी पाचशे, कधी हजार, तुम्ही एकदाही फोन केला नाही. त्या नऊपैकी चार चित्रं अजून माझ्या घरी आहेत, दहा पावसाळे झाले, एक ठिपका नाही.

पण मला आभार मानायचे आहेत ते माउंटचे नाही. म्हणजे त्याचेही आहेतच, पण मुख्य ते नाही.

सिव्हिल लाईन्समधली गॅलरी, आणि नेमकं तिथल्याच विधानभवनात हिवाळी अधिवेशन सुरू. ज्यांना नागपूर माहीत आहे त्यांना सांगायला नको, त्या दिवसांत सिव्हिल लाईन्सकडे कोण जातं, बॅरिकेड, मोर्चे, पोलिसांच्या गाड्या, ऑटोवाला अर्ध्यातच उतरवून देतो. उद्घाटनाला तीस-चाळीस जण आले, दीपप्रज्वलन झालं, फोटो झाले, समोसे झाले. दुसऱ्या दिवशी सात माणसं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन, त्यातला एक पत्ता विचारायला आलेला. मी कोपऱ्यातल्या टेबलामागे मोबाईल पाहत बसली होती, समोर अभिप्रायाची वही, पेन, कॅटलॉगचा गठ्ठा, आणि मनात एकच, की या शहरात चित्र पाहणारं कोणी नाही, आपण मुंबईलाच जायला पाहिजे होतं.

संध्याकाळी तुम्ही आला. दुकान बंद करून, सायकलवर, फक्त तारा नीट बसल्या की नाही ते पाहायला. खांद्याला ती पारदर्शक पाण्याची नळी, गवंडी वापरतात ती. गॅलरीतल्या माणसाने चित्रं डोळ्याच्या अंदाजाने लावली होती. तुम्ही नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, पाणी दोन्हीकडे स्थिर होईपर्यंत थांबलो आणि पेन्सिलने बारीक खूण केली, मग पुढची फ्रेम, मग त्याच्या पुढची. सगळ्या चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण 58 इंचावर आणला, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला. दीड तास. चित्रं तीच होती पण भिंत शांत झाली, मला दुसरा शब्द सापडत नाही. तोपर्यंत मला वाटायचं की चित्र काढून झालं की माझं काम संपलं, पुढचं सगळं गॅलरीचं.

मग तुम्ही विचारलं, "काहून बसली तू अशी कोपऱ्यात? लोक येऊन राह्यले अन् तू मोबाईल पाहून राह्यली." मी म्हटलं काका, कोण येऊन राहिलंय? आणि मग माझं सगळं गाऱ्हाणं बाहेर पडलं. रझांचंही सांगितलं, की एवढे मोठे चित्रकार एस. एच. रझा, 1939 ते 43 इथेच नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकले, पण इथे थांबले का, मुंबईला गेले, तिथून पॅरिसला गेले, म्हणजे या गावात काही होत नाही. तुम्ही रझांचं नाव ऐकलं नव्हतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते गेले ते गेले. तू किती जणायले बोलावलं ते सांग."

मी 200 कार्डं छापली होती. कोणाकोणाला दिली ते आठवायला लागली तर धरमपेठ, रामदासपेठ, बजाजनगर, कॉलेजचे सर, इतर चित्रकार, दोन डॉक्टर, एक बिल्डर. रेल्वेच्या रुळाच्या पलीकडे एकही कार्ड गेलं नव्हतं. काका, मी महालात वाढली. माझं सगळं लहानपण महाल, इतवारी, गांधीबागेत गेलं, त्या भिंतीवर लागलेल्या 14 चित्रांपैकी 11 रुळाच्या पलीकडची होती, तिथल्या गल्ल्या, तिथले ठेले, तिथली माणसं. आणि त्यातल्या एकालाही मी बोलावलं नव्हतं. माझ्या आईच्या शेजारणींनाही नाही. का, तर त्यांना काय कळतं, असं मी मनात धरलं होतं. हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

तुम्ही रागावला नाही. टेबल उचलून दाराआड ठेवलं, गॅलरीवाल्याकडून एक खुर्ची मागून घेतली आणि हातठेल्याच्या मोठ्या कॅनव्हाससमोर सहा-सात फुटांवर ठेवली. म्हणाला, "माणूस उभ्यानं चित्र पाहत नाही, उभ्यानं निघून जाते."

रविवारी तुम्ही रुळाच्या पलीकडच्या माणसांना घेऊन आला. नऊ जण. तुमच्या गल्लीतले चार हमाल, चहावाला, त्याचा मुलगा, तुमचे शेजारी आणि दोन काकू. चपला बाहेर काढल्या सगळ्यांनी, मी म्हटलं काढू नका, तरी काढल्या. पहिली दहा मिनिटं कोणी बोललं नाही आणि मलाही काय बोलावं सुचेना, मला फक्त माध्यम, टेक्श्चर, कॉम्पोझिशन असंच बोलता येत होतं. मग त्यातले एक, पन्नाशीचे असतील, खुर्चीवर बसले. ठेल्याच्या चित्रासमोर. बराच वेळ बसले, पंधरा मिनिटं तरी, आणि मग मला हात करून बोलावलं.

"हा ठेला चालणार नाही."

मी विचारलं का. त्यांनी उठून बोटानं दाखवलं, कॅनव्हासला हात न लावता, बोट एक वीतभर लांब ठेवून. दोन चाकांचा ठेला, पुढून दांडा धरून ओढणारा माणूस, आणि मी पाचही पोती मागच्या टोकाला रचली होती कारण चित्राला खाली उजवीकडे वजन पाहिजे होतं. ते म्हणाले, एवढा माल मागं टाकला तर मागची बाजू खाली बसते अन् दांडा वर उचलला जाते, हा माणूस लटकून जाईन, ओढणार काय. माल चाकाच्या आसावर पाहिजे, अन् थोडासा पुढं, हातावर थोडं वजन आलंच पाहिजे, तेव्हा ठेला ऐकते. आणि मग त्यांनी आपले दोन्ही हात पुढे करून ते वजन दाखवलं, म्हणजे हाताला किती जड लागतं ते, मनगट किंचित खाली गेलं, खांदा किंचित पुढे आला. मी पाच वर्षं मॉडेल बसवून फिगर ड्रॉइंग केलं होतं, पण वजन माणसाच्या अंगात कुठून शिरतं हे त्या दिवशी पाहिलं.

मी त्यांना तिथेच पुन्हा उभं राहायला सांगितलं आणि कॅटलॉगच्या मागच्या कोऱ्या पानावर स्केच केलं. तो कागद मी जपून ठेवला आहे. ते चित्र मी दुरुस्त केलं नाही, ते तसंच ठेवलं, पण त्यानंतरचे सगळे ठेले त्या मनगटावरून आले आहेत, आणि ज्या ठेल्याच्या मालिकेमुळे लोक आज मला ओळखतात ती तिथून सुरू झाली. मुलाखतीत कोणी विचारलं की मी हे सांगते, पण छापताना "सामान्य प्रेक्षकांच्या प्रतिसादातून प्रेरणा" एवढंच येतं. तो प्रतिसाद नव्हता, ती शिकवणी होती, आणि ती तुम्ही घडवून आणली.

त्या दिवसापासून मी टेबलामागे बसली नाही. कोणी आलं की लगेच चित्र समजावत नाही, आधी पाहू देते, मग एवढंच विचारते की तुम्हाला काय दिसलं. लोक किती बोलतात काका! अभिप्रायाच्या वहीत "अप्रतिम", "खूप शुभेच्छा" लिहून जाणारी तीच माणसं खुर्चीवर बसली की आपल्या आजोबांच्या दुकानाचं सांगतात, गेलेल्या भावाचं सांगतात. एका वर्षी मी पिवळी मारबत काढली होती. तुम्हाला माहीतच आहे, बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत अशा दोन पुतळ्यांची मिरवणूक निघते, काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक तिला गावाबाहेर नेऊन जाळतात, पण पिवळीला आधी पुजतात, लेकराबाळांसाठी मागणं मागतात. तर एक आजी आल्या, चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडले. मी शेजारीच होती. मला काही विचारावंसं वाटलं नाही. त्या जाईपर्यंत मी पण तशीच उभी राहिली. ते चित्र नंतर विकायला मला जड गेलं, विकलं, कारण घर चालवायचं होतं, पण ज्यांनी घेतलं त्यांना त्या आजींचं सांगूनच दिलं.

किमतीचंही तुमच्याकडूनच शिकली. पहिल्या शोमध्ये एका चांगल्या गाडीतून आलेल्या माणसाला मी तीन हजार वाढवून सांगितले होते आणि तुम्ही मागे उभे होता. तो गेल्यावर म्हणाला, चप्पल पाहून भाव नाही सांगायचा. तेव्हापासून यादी छापून दारात लावते, चौरस इंचावर हिशोब, सगळ्यांना एकच.

मुंबईला नंतर गेलीच मी. जहांगीर आर्ट गॅलरीत ग्रुप शो मिळाला, 1952 पासूनची ती वास्तू, कॉलेजात असताना स्लाईडवर पाहिलेली, तिथे आपलं चित्र म्हणजे काय वाटतं ते चित्रकारांना सांगायला नको. जाताना तुम्ही काचेऐवजी अॅक्रिलिक शीट लावून दिल्या, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण, दोन फ्रेम समोरासमोर तोंड करून बांधल्या, आणि ट्रेनमध्ये एवढी आदळआपट होऊनही एक कोपरा उघडला नाही. तिथेही मी खुर्ची मागितली. आधी नाही म्हणाले, मग दिली. आणि खरं सांगू का, काळा घोड्याला, जहांगीरच्या त्या भागात, जी गर्दी होती तिच्यात सगळ्यात जास्त वेळ बसला तो एक डिलिव्हरी करणारा मुलगा, मूळचा भंडाऱ्याचा, ठेल्यावरची पाटी वाचून आत आला होता, म्हणाला हे आमच्याकडचं आहे.

नवीन पोरंपोरी मला विचारतात की मॅडम, प्रेक्षक कसे मिळतात, सोशल मीडिया कसा करायचा. मी त्यांना तुमच्या दुकानाचा पत्ता देते. फ्रेम करायला जा म्हणते, आणि फ्रेम होईस्तोवर तिथेच बसा, काका काय विचारतात ते ऐका.

आता कामाचं. या डिसेंबरचा शो ठरला आहे, गॅलरी तीच, सिव्हिल लाईन्सची, तारखा नातीला पाठवल्या आहेत. 22 फ्रेम आहेत, त्यातल्या 9 ला काच. कार्डं या वेळी 300 छापली, दीडशे मी स्वतः इतवारी-महालात वाटणार आहे, त्यातली वीस तुमच्या गल्लीसाठी बाजूला ठेवली आहेत, कोणाला द्यायची ते तुम्ही सांगा. ते ठेलेवाले काका आता गावी असतात असं ऐकलं, त्यांचा नंबर मिळाला तर बरं होईल, त्यांना आणायला गाडी पाठवते. आदल्या दिवशी दुपारी चारला मी रिक्षा घेऊन दुकानात येते, सायकल काढू नका. तुमचा गुडघा दुखतो हे नातीने सांगितलंय मला. शिडीवर मी चढते, तुम्ही खाली खुर्चीवर बसून नळीचं एक टोक धरा फक्त.

तुमची,
महालातली पोरगी